पेसमेकरची सेटिंग बदलून आल्यावर धडधड, थकवा? घाबरू नका, पण अंगावरही काढू नका

पेसमेकर बसवलेल्या रुग्णाला सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणीसाठी बोलावलं जातं. ऑपरेशन नाही, सुई नाही. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि रुग्ण संध्याकाळच्या एसटीने घरी येतो. पण कधी कधी दुसऱ्या दिवसापासून काहीतरी वेगळं जाणवू लागतं. आडवं झालं की छातीत ठोके जाणवतात, थोडं चाललं की दम लागतो, किंवा नाडी मोजली तर पूर्वीपेक्षा कमी भरते.

मग घरात दोन मतं पडतात. एक जण म्हणतो, "मशीन बिघडलं, चला परत." दुसरा म्हणतो, "वय झालं, आता असंच चालायचं." बऱ्याचदा ही दोन्ही मतं चुकतात. तपासणीत सेटिंग बदललेली असते. शरीराला तिची अजून सवय झालेली नसते, किंवा ती सेटिंग त्या माणसाच्या रोजच्या कामाला जुळलेली नसते. सवयीचा प्रश्न असेल तर थोडे दिवस थांबायचं. सेटिंग जुळत नसेल तर परत जाऊन सांगायचं. हा फरक ओळखता आला तर विनाकारण धावपळ वाचते आणि विनाकारण सोसणंही वाचतं.

पेसमेकर काय करतो आणि काय करत नाही

खांद्याच्या खाली, छातीच्या वरच्या भागात कातडीखाली एक छोटी चपटी डबी बसवलेली असते. तिच्यात बॅटरी आणि सर्किट असतं. तिथून एक, दोन किंवा तीन बारीक वायरी शिरेतून हृदयापर्यंत जातात. त्यांना लीड म्हणतात.

हे यंत्र हृदयावर सतत लक्ष ठेवतं. ठोका वेळेवर पडला तर गप्प बसतं. ठोक्याला उशीर झाला तर विजेचा अगदी बारीक इशारा देऊन ठोका पाडून घेतं. टाकीतलं पाणी ठरलेल्या खुणेखाली गेलं की आपोआप मोटार सुरू होते, तसाच हा प्रकार. समजा, कमीत कमी ठोके मिनिटाला ६० ठेवले आहेत. हृदय स्वतःहून ७५ वर चालत असेल तर पेसमेकरला काही करावं लागत नाही. ते ६० च्या खाली जाऊ लागलं की पेसमेकर कामाला लागतो.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवायची. पेसमेकर ठोके खाली जाऊ देत नाही, पण हृदय स्वतःच जोरात धावू लागलं तर साधा पेसमेकर त्याला रोखत नाही. म्हणून "सेटिंग ६० ची आणि नाडी ९० कशी?" असं वाटून घाबरायचं कारण नाही. चालून आल्यावर, तापात, काळजीत हृदय स्वतःहून जोरात चालतं. बसून असताना विनाकारण ठोके खूप वाढलेले राहत असतील तर ते डॉक्टरांना दाखवावं, कारण त्याचं कारण वेगळं असू शकतं.

तपासणीत नेमकं होतं काय

संगणकासारख्या दिसणाऱ्या यंत्राला प्रोग्रामर म्हणतात. त्याला जोडलेला माऊससारखा भाग छातीवर, पेसमेकरच्या वर ठेवतात. मग बॅटरी किती उरली, लीड नीट आहेत का, हृदय स्वतः किती काम करतं आणि पेसमेकरला किती करावं लागतं, हे पडद्यावर दिसतं. मागच्या काही महिन्यांत ठोके कधी अनियमित झाले याची नोंदही तारीख-वेळेसह मिळते.

तपासताना तंत्रज्ञ काही सेकंद वेग मुद्दाम कमी-जास्त करून पाहतो. तेव्हा क्षणभर धडधडतं किंवा डोकं हलकं वाटतं. हे चाचणीपुरतं असतं. जास्त वाटलं तर तिथेच बोलावं, चाचणी लगेच थांबवता येते.

प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर वेगळा असतो. म्हणून ही तपासणी गावच्या दवाखान्यात होत नाही. अनेक रुग्णालयांत ठरलेल्या वारी कंपनीचा तंत्रज्ञ येतो आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून बदल करतो.

सेटिंग बाहेरून बदलता येणं ही मोठी सोय आहे. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासच चालला. पुढे लार्सन यांना आयुष्यभरात एकूण २६ पेसमेकर लागले आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. सुरुवातीच्या त्या यंत्रांचा वेग एकच, ठरलेला असायचा. आज पडद्यावर आकडा बदलला की काम होतं. आणि जो आकडा आज बदलला, तो उद्या पुन्हाही बदलता येतो.

कोणता बदल केला तर काय जाणवतं

१. कमीत कमी ठोके. ७० वरून ६० किंवा ६० वरून ५० केले तर काहींना सुरुवातीला सुस्ती किंवा जडपणा जाणवतो. उलट वाढवले तर रात्री शांत पडल्यावर ठोके जाणवतात. काही यंत्रांत झोपेच्या वेळेसाठी वेगळा, कमी वेग ठेवतात. घरच्यांनी रात्री बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि ५० दिसलं, तर ती सेटिंगच तशी असू शकते. म्हणून तपासणीच्या वेळीच विचारून घ्यावं की दिवसाचा आकडा किती आणि रात्रीचा किती.

२. इशाऱ्याची ताकद. नवा पेसमेकर बसवल्यावर पहिले काही आठवडे ही ताकद मुद्दाम जास्त ठेवतात. लीडचं टोक जिथे हृदयाला लागतं तिथे सुरुवातीला सूज असते. साधारण तीन महिन्यांत ती जागा स्थिर होते, मग ताकद कमी करतात. त्यामुळे बॅटरी जास्त वर्षं पुरते. ठोके पाडायला जेवढी ताकद लागते त्याहून बरीच जास्त शिल्लक ठेवूनच हा आकडा ठरवला जातो, त्यामुळे "पॉवर कमी केली" हे ऐकून घाबरू नये. ताकद वाढवली असेल आणि त्यानंतर सारखी उचकी लागत असेल, किंवा छातीच्या कडेला, पोटात वरच्या बाजूला ठोक्याबरोबर काहीतरी उडत असेल, तर तो इशारा शेजारच्या स्नायूला किंवा श्वासपटलाला लागतो आहे असं समजावं. हे सोसत बसायचं कारण नाही, कळवायचं.

३. हालचालीप्रमाणे वाढणारा वेग. गावातल्या रुग्णांनी समजून घ्यावी अशी ही सेटिंग आहे. काहींचं हृदय कष्टाच्या वेळी स्वतःहून वेग वाढवत नाही. त्यांच्यासाठी पेसमेकरमध्ये सेन्सर चालू करतात. बऱ्याच यंत्रांतला सेन्सर शरीराची हालचाल ओळखतो. माणूस चालू लागला की यंत्र ठोके वाढवतं.

पण सेन्सरला हालचाल कळते, कष्ट कळत नाहीत. ट्रॅक्टरवर बसून खाचखळग्यातून जाताना शरीर नुसतं हादरत असतं, तरी यंत्राला वाटतं माणूस पळतो आहे. मग बसल्या जागी धडधडतं. उलट डोक्यावर गवताचा भारा घेऊन हळूहळू चढ चढताना कष्ट भरपूर असतात, पण हालचाल कमी असते. मग यंत्र ठोके पुरेसे वाढवत नाही आणि दम लागतो. काहींना जिना चढताना त्रास होतो आणि उतरताना उगाच धडधडतं, त्याचंही कारण हेच. सेन्सर किती लवकर आणि किती जोरात प्रतिसाद देईल, हे कमी-जास्त करता येतं. पण त्यासाठी रुग्णाने आपलं काम काय आहे हे सांगावं लागतं. "मी घरीच असतो" एवढं सांगितलं आणि प्रत्यक्षात सकाळी गोठा, दुपारी खुरपणी असेल, तर सेटिंग घरी बसणाऱ्या माणसाचीच मिळणार.

४. जास्तीत जास्त वेग. दोन लीडच्या यंत्रात वरच्या कप्प्याचा वेग पाहून खालच्या कप्प्याला इशारा दिला जातो. पण त्यालाही वरची मर्यादा असते. ती कमी ठेवली असेल तर जोराचं काम करताना एका टप्प्यावर यंत्र मधले ठोके सोडू लागतं. बरा चालणारा माणूस चढावर अचानक गळून जातो, थोडं थांबलं की ठीक होतो. रोज त्याच टप्प्यावर असं होत असेल तर ती वयाची खूण मानून गप्प बसू नये. मर्यादा वाढवून बघता येते.

५. दोन कप्प्यांमधला वेळ. वरचा कप्पा आकसल्यावर खालचा कप्पा आकसायला सेकंदाचा साधारण पाचवा-सहावा भाग जावा लागतो. हा वेळ जुळला तर हृदय रक्त नीट ढकलतं. हृदयाला स्वतः काम करू द्यावं म्हणून डॉक्टर हा वेळ कधी वाढवतात. ताळमेळ बिघडला तर मानेतली शीर उडते, मानेत ठोके जाणवतात, थकवा येतो, उभं राहिलं की गरगरतं. एकाच लीडचा पेसमेकर असलेल्या काही रुग्णांनाही असा त्रास होतो. मानेत ठोके जाणवणं ही बारीक वाटणारी तक्रार डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

किती दिवस वाट पाहायची

बऱ्याच रुग्णांना बदल जाणवतही नाही. ज्यांना जाणवतो, त्यांची हलकी धडधड, झोपताना ठोके जाणवणं किंवा थोडा थकवा सहसा काही दिवसांत कमी होत जातो. इथे पाहायचं ते एवढंच की त्रास दिवसेंदिवस उतरतो आहे की नाही. उतरत असेल तर शरीर जुळवून घेत आहे. आठवडा-दोन आठवडे झाले तरी तेवढाच असेल, वाढत असेल, किंवा रोजचं काम थांबत असेल, तर पुढच्या सहा महिन्यांच्या तारखेची वाट पाहू नये. फोन करून मधली तारीख घ्यावी.

या दिवसांत एक वही ठेवावी. तारीख, वेळ, त्या वेळी काय करत होतो, काय वाटलं, नाडी किती होती, एवढं लिहावं. लिहिता येत नसेल तर नातवंडांना सांगून मोबाईलवर नोंद करून घ्यावी. "मधूनमधून कसंतरी होतं" यातून डॉक्टरांना फार काही कळत नाही. "मंगळवारी सकाळी सातला, दूध काढून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली" यातून बरंच कळतं. पेसमेकरच्या आतल्या नोंदीत ती वेळ शोधून पाहता येते.

गोळ्यांकडेही पाहावं. तपासणीच्या दिवशी अनेकदा सेटिंगबरोबर औषधंही बदलतात. रक्तदाबाची किंवा ठोके कमी करणारी गोळी वाढवली असेल तर चक्कर गोळीमुळेही येऊ शकते. यंत्राच्या नोंदीत वरच्या कप्प्याची अनियमित धडधड दिसली तर लकवा टाळण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू करतात. "आपल्याला तर काही होत नाही" म्हणून ती बंद करू नये. कोणतीही गोळी विचारल्याशिवाय बंद करायची नाही आणि वाढवायचीही नाही.

नाडी कशी मोजायची

पाच मिनिटं शांत बसावं. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चूक होते.

आकडा सेटिंगपेक्षा थोडा कमी आला तरी यंत्र बंद पडलं असं नाही. हृदयाचा एखादा ठोका लवकर पडला तर तो मनगटापर्यंत पोचत नाही, म्हणून मोजणीत तो सुटतो. ऑक्सिमीटर आणि रक्तदाबाच्या डिजिटल मशीनलाही असे ठोके चुकतात. काही यंत्रांत हृदयाला स्वतः चालायची संधी देण्यासाठी वेग थोडा खाली जाऊ देण्याची सोयही ठेवलेली असते. मात्र पुन्हा पुन्हा मोजूनही आकडा सेटिंगच्या बराच खाली राहत असेल तर त्याच दिवशी फोन करावा. त्यासोबत चक्कर किंवा अशक्तपणा असेल तर फोनवर न थांबता रुग्णालय गाठावं.

इथे वाट पाहायची नाही

• बेशुद्ध पडणं किंवा पडता पडता वाचणं
• छातीत दुखणं, दाब येणं
• बसल्या जागी दम लागणं, आडवं झोपता न येणं
• पेसमेकर बसवण्याआधी जी लक्षणं होती तीच पुन्हा सुरू होणं
• पेसमेकरच्या जागी लाली, सूज, दुखणं, पाणी किंवा पू येणं, सोबत ताप
• तोंड वाकडं होणं, बोलताना अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं

यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. पेसमेकरचं कार्ड सोबत घ्यावं. तालुक्याच्या रुग्णालयात प्रोग्रामर नसला तरी ईसीजी निघतो आणि पेसमेकर इशारा देतो आहे का, ठोका पडतो आहे का, याचा अंदाज त्यातून येतो.

दवाखान्यातून निघण्याआधीची वीस मिनिटं

सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून आलेल्या माणसाची पुन्हा खेप म्हणजे दिवसाची मजुरी आणि सोबत येणाऱ्याचंही भाडं. त्यामुळेच अनेक जण त्रास होत असूनही परत जात नाहीत. म्हणून सेटिंग बदलल्यावर लगेच गाडी पकडू नये. रुग्णालयाच्या आवारातच दहा मिनिटं नेहमीच्या चालीने चालावं, डॉक्टरांची परवानगी असेल तर जिना चढून-उतरून पाहावं, मग थोडं बसावं. काही खटकलं तर तंत्रज्ञ अजून तिथेच असतो. बदल लगेच होतो आणि एक खेप वाचते.

निघताना हे विचारावं:

• आज काय बदललं आणि का?
• कमीत कमी आणि जास्तीत जास्त ठोके आता किती? रात्रीचा वेगळा आकडा आहे का?
• हालचालीचा सेन्सर चालू आहे का?
• बॅटरी अंदाजे किती वर्षं उरली?
• त्रास झाला तर कोणत्या नंबरवर, कोणत्या वारी?

नव्या सेटिंगचा छापील कागद मागून घ्यावा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. पेसमेकरच्या कार्डाचाही फोटो काढावा. त्यावर कंपनी, मॉडेल आणि नंबर असतो. एमआरआय किंवा दुसरं ऑपरेशन करायचं झालं तर हे कार्ड आधी दाखवावं लागतं. अशा वेळी कधी सेटिंग तात्पुरती बदलतात. काम झाल्यावर ती पूर्ववत केली का, हे विचारूनच घरी यावं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पेसमेकर बसवला असेल तर पुढच्या तपासण्यांबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

सेटिंग आपोआप बदलते का?

मोबाईलमुळे, विजेच्या तारेखालून गेल्यामुळे किंवा घरातल्या मिक्सर-टीव्हीमुळे पेसमेकरची सेटिंग बदलत नाही. काही यंत्रं घरबसल्या दवाखान्याला माहिती पाठवतात, पण सेटिंग बदलायला सहसा प्रत्यक्षच जावं लागतं. एक अपवाद लक्षात ठेवावा. बॅटरी संपत आली की काही यंत्रं शक्ती वाचवण्यासाठी स्वतःहून साध्या, एकाच वेगाच्या पद्धतीवर जातात. तपासणी झालेली नसताना अचानक थकवा आला आणि नाडी सारखी एकाच आकड्यावर राहू लागली, तर बॅटरी तपासून घ्यावी. अशा वेळी सहसा काही महिन्यांची बॅटरी शिल्लक असते, पण म्हणून टाळाटाळ करू नये.

लोहचुंबक आणि जोराच्या विजेपासून मात्र अंतर ठेवावं. मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवू नये, पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहावं. चालू इंजिनावर वाकून काम करू नये. वेल्डिंग करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. रानडुकरांसाठी शेताला लावलेल्या झटका मशीनच्या तारेला हात लागू देऊ नये. विहिरीवरच्या मोटारीचं अर्थिंग नीट करून घ्यावं. काम करताना चक्कर आली तर त्या यंत्रापासून लांब व्हावं. बहुतेक वेळा लांब गेलं की पेसमेकर पूर्ववत चालतो.

घरच्यांसाठी

म्हातारी माणसं त्रास सांगत नाहीत. लेकाचा कामाचा दिवस मोडेल, पैसे जातील, म्हणून आबा "बरं आहे" म्हणतात आणि हळूहळू शेतात जाणं, देवळापर्यंत जाणं बंद करतात. तपासणीनंतर पंधरा दिवसांत त्यांनी कोणतं काम सोडलं, याकडे सुनेने, मुलाने लक्ष ठेवावं. "कसं वाटतंय?" असं विचारण्याऐवजी "काल विहिरीपर्यंत गेला होता, आज का नाही गेलात?" असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

परत गेल्यावर डॉक्टर रागावतील ही भीतीही बाजूला ठेवावी. एका तपासणीत सगळे आकडे नेमके जुळतीलच असं नसतं. खाटेवर झोपलेल्या माणसावर ठरवलेली सेटिंग शेतात चालते की नाही, हे रुग्णाने सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळायला मार्ग नाही.